बिनमुठीचा नळ

मंगळवार, २ एप्रिल

प्रिय भाऊजी,

तुम्हा सगळ्यांची खुशाली धाकटीकडून कळत असते. तिचा खांदा अजून दुखतो असं ऐकलं. कालवांचे ओले दोर तिने एकटीने ओढू नयेत, हे मी तिला सांगून थकले. आता तुम्ही सांगा. नवऱ्याने सांगितलं तर जाऊबाई ऐकतात, निदान ऐकल्यासारखं करतात. माझं बरं चाललंय. शिंप्याच्या दुकानावरच्या या दोन खोल्यांत वारा कमी आणि मशीनची खडखड जास्त, पण दुपारी तो झोपतो तेव्हा मी वाचत बसते. ग्रंथालयातल्या बाई मला दारात बघितलं की विचारतात, "आज जाडं की बारीक?" मी म्हणते, "जाडंच द्या, बारीक दोन दिवसांत संपतं."

आता मुद्द्याचं. बर्फवाल्याबरोबर पाठवलेला तुमचा निरोप मिळाला. त्याने तो तुमच्या आवाजात म्हणून दाखवला. नकला करायची त्याला किती हौस आहे ते तुम्ही जाणताच. "वहिनींना म्हणावं, त्यांच्या न्हाणीघरातल्या टबात दादाची बियाण्याची कालवं आहेत असं कळलं. यंदा खाडी फार खारी झालीय, वरच्या रांगांतली कालवं मरायला लागलीत. दादाची ती कालवं मिळाली तरच पुढच्या वर्षी काही हाताला लागेल. झालं गेलं विसरा, परिस्थितीशी जुळवून घ्या आणि ती परत पाठवा. आपलीच आहेत."

आपलीच!

भाऊजी, हा शब्द तुमच्या तोंडी आला कसा?

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तुम्हाला सोयीपुरतंच आठवतं. नदीला वर बांध पडला आणि खाडीत गोडं पाणी येईनासं झालं. उन्हाळ्यात तर खाडी समुद्रापेक्षाही खारी. ऊन पाणी उचलून नेतं आणि मीठ मागे ठेवतं. कालवं पटापट मरायची. तुम्ही म्हणालात, धंदा बसला, दुसरं काही बघू. तुमचे दादा म्हणाले, "सगळी कुठे मरतात? काही जगतात की." जी जगली ती ते चिखलात गुडघाभर उतरून शोधून आणायचे आणि शेडच्या मागच्या खोलीतल्या हौदात ठेवायचे. मग त्यांचं बियाणं, त्यातली जगलेली, मग त्यांचं बियाणं. हौदात खारटपणा मोजायची काचेची नळी तरंगत असायची. पाणी जितकं खारं तितकी ती वर उचलली जायची. खारटपणा वाढवायचे तोही इतका हळू की मला नळीत फरकच दिसायचा नाही. मी चिडवायची, "माझ्या हातून मीठ जास्त पडलं की ताट सरकवता, आणि इथे मात्र रोज चिमूटभर?" तर म्हणायचे, "तू एकदम टाकतेस."

आम्हाला मूल नाही म्हणून त्यांनी कालवांवर जीव लावला, असं लोक बोलायचे. तुम्हीही एकदा बोललात. तसं काही नव्हतं. एखादा माणूस एखादं काम नीट करतो, तर त्याच्यामागे दुःखच असलं पाहिजे असं थोडंच आहे?

मग ते आजारी पडले. मी दवाखान्यात, शेड तुमच्या ताब्यात. त्यात हॉटेलवाल्याची मोठी मागणी आली. विकायची कालवं आदल्या दिवशी गोड्या पाण्यात ठेवायची हे या खाडीवर सगळेच करतात. टम्म फुगतात, पांढरीशुभ्र दिसतात, गिऱ्हाईक खूश. आपल्या शेडमध्ये तेवढं यांनी कधी होऊ दिलं नाही. यांची पाठ बिछान्याला लागल्याबरोबर तुम्ही सुरू केलंत. ते एक वेळ सोडा. पण विक्रीची पुरेनात म्हणून तुम्ही मागच्या हौदाकडे गेलात, आणि गोड्या पाण्याचा नळ सोडलात. सगळं बियाणं एका रात्रीत गोड्या पाण्यात.

हे गेल्यावर तुम्ही घरी आलात. धाकटी बाजूला मान खाली घालून उभी. तुम्ही म्हणालात, "चुकून झालं वहिनी. गडबडीत हौद ओळखला नाही." मी तेव्हा काही बोलले नाही. घरातून माणूस गेलेला, लोक येत-जात होते. मिठाची गुळणी धरून बसले. त्याचा अर्थ तुम्ही असा घेतलात, की वहिनींना पटलं.

आणि आता सांगता, जुळवून घ्या.

जुळवून घेणं म्हणजे काय ते मी वाचलंय. यांनी जुन्या बाजारातून आणलेलं जाडं पुस्तक, पानं सुटलेलं, ते मी इथे आल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. जे कळलं नाही ते ग्रंथालयातल्या दुसऱ्या पुस्तकांत शोधलं. तरी निम्मं डोक्यावरून गेलं. उरलेलं सांगते, कारण तुम्ही जन्मभर कालवं विकलीत आणि मी जन्मभर फोडली, पण ती जगतात कशी हे आपल्या दोघांनाही विचारावंसं वाटलं नाही.

काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना? समुद्र त्याच्यातल्या प्रत्येक जिवाला तेच करायला बघतो. मासा त्याच्याशी भांडतो. आपलं रक्त कमी खारं ठेवतो आणि आत आलेलं मीठ सारखं बाहेर फेकत राहतो. कालव भांडत नाही. बाहेर जेवढं खारं, तेवढंच त्याचं रक्त खारं. मी इथवर वाचलं तेव्हा मला वाटलं, गरीब बिचारं, कसं जुळवून घेतं बघा. पुढचं पान वाचलं नसतं तर तुमच्यासारखीच मूर्ख राहिले असते. रक्ताच्या आत पेशी आहेत, आणि पेशी ते सगळं मीठ आत घेत नाही. घेतलं तर तिचं सगळं कामकाज बिघडेल. मग बाहेरच्या मिठाने तिला काकडीसारखी पिळून काढू नये म्हणून ती काय करते? स्वतःत स्वतःचं काही साठवते. अमिनो आम्लं म्हणतात त्यांना. ज्यांची प्रथिनं बनतात ते बारके बारके तुकडे. काही नवीन तयार करते, काही स्वतःच्याच अंगातली प्रथिनं मोडून काढते. मग आतही बाहेरच्याइतकंच दाट होतं, पण मिठाने नव्हे. हे एका दिवसात होत नाही. त्याला बळ लागतं, अन्न लागतं, आणि पाणी हळूहळू बदलावं लागतं. यांना हे पुस्तकातून कळलं होतं की चिखलातून, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारायची सोय नाही.

खाऱ्या पाण्यातलं कालव चवीला गोडसर लागतं ते याचमुळे. ती त्या साठ्याची चव. गोडं पाणी सोडलं की पेशी फुगते, आणि फुटू नये म्हणून साठवलेलं सगळं बाहेर ओतून टाकते. तुम्हाला ती फुगलेली दिसली. ती रिकामी झालेली होती. हॉटेलचा आचारी बर्फवाल्याला म्हणाला म्हणे, "कालवं पाठवलीत की ओला कापूस?"

तर असं असतं जुळवून घेणं. मला सांगायच्या आधी शिकून घ्या.

राहता राहिलं ते तुमचं "चुकून".

त्या नळाची मूठ यांनी स्वतः काढली होती, कोणी हात धुवायला म्हणूनसुद्धा उघडू नये म्हणून. नुसता दांडा बघून तुम्हीच हसला होतात, "दादा, नळाचं नाक कापलंस की काय!" मूठ नसलेला नळ चुकून उघडत नाही. पुढच्या खोलीत खिळ्याला पाना असतो. तो काढावा लागतो, मागे न्यावा लागतो, दांड्यावर बसवावा लागतो आणि जोर लावून पिळावा लागतो, कारण तो दांडा गंजलेला होता. आणि वस्तू जागच्या जागी ठेवायची तुम्हाला सवय नाही. मी यांचे कपडे न्यायला दवाखान्यातून शेडवर आले तेव्हा पाना हौदाच्या कठड्यावर पडला होता.

उघडून पाणी प्यालेली कालवं तोवर हॉटेलात गेली होती. ज्यांनी गोडं पाणी लागताच शिंपले मिटून घेतले, ती फुगली नव्हती, म्हणून आणखी एक दिवस राहू देत असा विचार करून तुम्ही ती हौदातच ठेवली होतीत. ती मी बादलीत घेतली. आता ती माझ्या टबात आहेत आणि टबातच राहतील. खाडीचं काय करायचं ते तुम्ही आणि खाडी मिळून ठरवा.

धाकटीवर माझा राग नाही, तिला सांगा.

वहिनी


गुरुवार, ११ एप्रिल

भाऊजी,

आज खुशाली विचारत नाही.

बर्फवाला आत्ता इथून गेला. तो खालच्या मासेवाल्याकडे बर्फ टाकतो आणि येताना माझ्यासाठी समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन वर आणून देतो, हे तुम्हाला सांगायला नको. का सांगायला नको ते मला आज कळलं.

"काकू, आज एकाच कॅनवर भागवा," म्हणाला. "होडीचं इंजिन बिघडलंय."

"तू होडी कधी घेतलीस रे?"

तो जिन्याकडे वळला. मग म्हणे, "काकू, बर्फ वितळतोय. निघतो."

"वितळू दे. कोणाची होडी?"

"तुम्ही रागावाल."

"मी रागावलेलीच आहे, नवीन काय त्यात? बोल."

मग बोलला. बाहेरच्या खडकांपलीकडे होडी नेऊन कॅन तुम्ही भरता. तो फक्त हमाल. पहिल्या दिवसापासून. "वहिनींना कळलं तर ओतून देतील," असंही म्हणालात म्हणे. बरोबर ओळखलंत. तो उभा होता तिथेच, त्याच्यासमोर, मी कॅन मोरीत ओतला. तो म्हणाला, "अहो काकू, मला जिने चढायच्या आधी तरी सांगायचं."

म्हणजे "टबात आहेत असं कळलं" हे नाटक होतं. मी रोज त्या पाण्यात यांची काचेची नळी सोडून बघायची आणि मनात म्हणायची, वा, पोरगा जाणता निघाला, पाणी अगदी हवं तसं आणतो. त्याला मी एकदा खाऊला पैसेसुद्धा देऊ केले. त्याने घेतले नाहीत. मला त्याचंही कौतुक वाटलं. केवढी फजिती केलीत माझी!

काय आहे हे, भाऊजी? पश्चात्ताप? तो असा चोरून, दुसऱ्याच्या डोक्यावरून, प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाठवतात का? की बियाणं जिवंत राहायला हवं, म्हणून दुभत्या जनावराला चारा घालावा तसा घालत होतात? मला दोन्ही शक्य वाटतं आणि दोन्हीचा सारखाच संताप येतो. इतके महिने झाले. या दारापर्यंत यायला तुमचे पाय मोडले होते का?

यापुढे पाणी पाठवू नका. समुद्र काही तुमच्या एकट्याचा नाही.

वहिनी


सोमवार, २२ एप्रिल

भाऊजी,

उन्हाळा वाढला. शिंपी दुकानात ओली गोणपाटं टांगतो आणि वर सगळा दमट वास येतो. धाकटी परवा येऊन गेली, ते तुम्हाला माहीत असेलच. तिने काय काय सांगितलं ते मात्र माहीत नसेल.

आधी माझं सांगते. तुमचं पाणी बंद केल्यावर मी गावच्या धक्क्यावर गेले आणि तिथून कॅन भरून आणला. जिन्यात शिंप्याने हात दिला. म्हणाला, "ताई, रोज समुद्र वर नेताय, थोडा खाली ठेवा आमच्यासाठी." वर येऊन नळी सोडली तर ती चांगलीच खाली गेली. धक्क्यापाशी नाला येऊन मिळतो, तिथलं पाणी सौम्य. हे मला दिसत होतं. तरी मी ते टबात ओतलं. का, तर तुमच्याकडे पाणी मागायचं नव्हतं. म्हटलं, चालेल, उद्या बघू.

सगळीच्या सगळी मिटली.

दुसऱ्या दिवशीही मिटलेलीच. मी टबाच्या कडेला स्टुलावर बसून पुस्तक काढलं. त्यात लिहिलंय, कालव शिंपले मिटून बसलं की त्याला श्वास पुरत नाही, आत आंबट साठायला लागतं. तो आंबटपणा मारायला ते स्वतःच्याच शिंपल्यातला चुना विरघळवतं. बाहेरचं पाणी सोसवत नाही म्हणून दार लावायचं आणि मग आत बसून स्वतःच्याच भिंती खायच्या. असे बरेच दिवस काढता येतात म्हणे. किती, ते पाणी आणि ऊन ठरवतं.

मग एका सकाळी एक उघडं दिसलं. मला वाटलं, बरं झालं, सावरली. बोटाने टकटक केली. मिटलं नाही. हातात घेतलं तर हलकं लागलं.

मी गॅलरीत जाऊन बर्फवाल्याला एवढ्या जोरात हाक मारली की मासेवाल्याची दोन गिऱ्हाइकं वर बघायला लागली. त्याच दिवशी त्याने दोन कॅन आणले. कोणी भरले ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पाणी थोडं थोडं करून बदललं, दिवसभर. संध्याकाळपर्यंत बाकीची उघडली.

तेव्हा एक माझ्या हाताने गेलं. तुम्हाला वाटेल, वहिनी आता ताळ्यावर आल्या, आता बोलणार नाहीत. चूक. मी रागाच्या भरात एक मारलं. तुम्ही शांत डोक्याने हौद मारलात, तोही हॉटेलवाल्याचं ताट भरायला. यात बरोबरी करायला येऊ नका.

आता धाकटीचं. ती वर आली, टबाशी बसली, पाण्यात बोट घालून चाटून बघितलं, दादा बघायचे तसं. मग रडली. मी चहा केला. बोलता बोलता म्हणाली, "ताई, एक तेवढं बरं झालं. थोरल्या भाऊजींना काही कळलं नाही. हे रोज म्हणतात, 'माझ्या हातून झालं ते झालं, पण दादा समाधानाने गेला.' तेवढ्यावर झोप लागते त्यांना."

माझ्या हातातली कपबशी मी खाली ठेवली. तिला बोलून काय होणार? पण तेव्हापासून मला चैन नाही. तुम्हाला झोप लागते!

मी त्यांना सांगितलं होतं, भाऊजी.

त्याच दिवशी. कपडे घेऊन दवाखान्यात परतले, तर त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "हौदातली मंडळी काय म्हणतात?" मला खोटं बोलता येत नाही. येत असतं तरी त्यांच्यापुढे कुठलं जमणार, तोंड उघडायच्या आत चेहरा बोलतो. सांगून टाकलं. गोडं पाणी सोडलंय, बरीचशी हॉटेलात गेली, उरलीसुरली मी बादलीत घेतली.

मग म्हणाले, "पण त्या नळाला मूठ नाही ना?"

"पाना लावला."

तर हसले. तुमचे दादा हसले, भाऊजी. खोकला लागेपर्यंत. "पाना सापडला वाटतं त्याला. एरवी हातात असला तरी शोधत फिरतो."

मला त्यांचाही राग आला. म्हटलं, "हसताय काय? तुमचं सगळं आयुष्य त्याने मोरीत सोडलं."

"माहीत आहे मला," म्हणाले. एवढंच. आणि भिंतीकडे तोंड केलं. परिचारिका येऊन गेली, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला लोक आले, गेले. मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. त्याला नाही झेपायचं."

त्याला नाही झेपायचं! मोठ्या भावाला धाकट्याची काळजी. आणि मला? मला झेपेल हे धरूनच चाललेलं. लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्हा दोघा भावांचं हेच चाललंय. तुम्ही सांडायचं, त्यांनी झाकायचं, आणि झाकण धरून उभं राहायचं वहिनीने. मी हो म्हटलं. त्या खाटेशी दुसरं काय म्हणणार होते?

त्यानंतर त्यांनी हौदाचं नाव काढलं नाही. जो माणूस दवाखान्यात रोज पहिलं तेच विचारायचा, त्याने शेवटपर्यंत एकदाही विचारलं नाही. कालवं कशी आहेत असं नाही, बादलीतली जगली का असंही नाही. औषधं घ्यायचे, माझ्याशी इकडचं तिकडचं बोलायचे, जेवण कसं होतं ते सांगायचे. समाधानाने गेले की कसे गेले ते मला माहीत नाही. तुम्हाला तर नाहीच नाही.

आज मी त्यांना दिलेला शब्द मोडला. तुम्हाला कळलं पाहिजे म्हणून मोडला. तुम्हाला लागावं म्हणूनही मोडला, ते लपवत नाही. मेलेल्या माणसाच्या इच्छा सांभाळत मी आणखी एक उन्हाळा काढू शकत नाही. या खोलीत मी त्यांचा आवाज विसरत चाललेय. खोकला आठवतो, आवाज आठवत नाही. त्यांनी जो भार माझ्याकडे दिला, तो निम्मा तुमचा आहे, तो घ्या. झेपत नसेल तर झेपवायला शिका. मी शिकले.

आता कालवांचं ठरवते.

टबात ती जगतील, पण टबात खाडी होत नाही. हवा तापलीय. आणखी थोड्या दिवसांत ती बी सोडतील, आणि ते माझ्या मोरीतून नाल्यात जाईल. एवढी वर्षं यांनी चिखल तुडवला तो माझ्या न्हाणीघराची मोरी तुंबवायला नाही. मी रोज स्वतःला सांगत होते की ती मी तुमच्यापासून वाचवतेय. टबाकडे बघून परवा कळलं की मी ती नुसती धरून बसलेय.

म्हणून मी येतेय. कालवं परत देत नाहीये, नीट वाचा. घेऊन येतेय, आणि त्यांच्याबरोबर राहतेय. शेडमधली मागची खोली माझी. तिची किल्ली धाकटीकडे द्या. बाहेरचं पाणी तुम्ही आणायचं, दाराशी ठेवायचं आणि निघून जायचं. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, मी सांगेपर्यंत. कधी सांगेन ते मला विचारायचं नाही. विकायची कालवं गोड्या पाण्यात घालणं आजपासून बंद. हॉटेलवाल्याला बारीक दिसली तर त्याने चष्मा लावावा. बियाणं धरलं तर वरच्या रांगांत ते तुमच्या हाताने लावायचं, ते मात्र तुमच्याच हाताने, कारण खाडीत उतरायला माझे गुडघे चालत नाहीत आणि यांच्यानंतर त्या चिखलात कुठे पाय ठेवायचा हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही.

मी माफ केलंय असं धाकटीला सांगू नका. केलेलं नाही. तुम्ही रोज समोर दिसाल, रोज मला राग येईल, आणि आता मी तो गिळणार नाही, बोलणार. तिला म्हणावं, भांडण ऐकायची तयारी ठेव.

आणि एक. इथे दिवस दिवस त्यांच्याविषयी बोलायला कोणी नसतं. शिंप्याने त्यांना पाहिलेलं नाही, ग्रंथालयातल्या बाईंनी पाहिलेलं नाही. लहानपणी ते कसे पोहायचे, कोणाला कशी नावं ठेवायचे, नळी धुताना तोंडाने कसला आवाज काढायचे, हे ज्याला माहीत आहे असा माणूस आता जगात एकच उरलाय, आणि तो तुम्ही आहात. सगळ्यात जास्त चीड मला याची येते.

शनिवारी सकाळच्या भरतीला होडी धक्क्याला लावा आणि वर या. टब उचलायला दोन माणसं लागतात. बर्फवाल्याला आणू नका, मला तुमच्याबरोबर उचलायचाय. आल्यावर काही बोलू नका. माफी मागू नका, रडू नका, नुसता एका बाजूने धरा. आणि जिने उतरताना सावकाश. पाणी सांडू देऊ नका.

काय करणार, तुमचीच,
वहिनी